तिच्या पोटात दुखत होतं

मधल्या सुट्टीची घंटा व्हायची होती. शिपाई वर्गाच्या दारात येऊन म्हणाला, "सर, घरच्यांचा फोन आहे." पलीकडे वडील होते, जळगावच्या दवाखान्यासमोरच्या बूथवरून बोलत होते. "सुमी गयी," एवढंच म्हणाले. मग नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला…

सुमी माझी धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची होती. उभ्या जन्मात ती एक पुरं वाक्य बोलली नाही. म्हणून तिच्याविषयी लिहायला बसलो की तिचे शब्द आठवत नाहीत, माझेच आठवतात. तिला जाऊन दीड महिना झाला, तरी ते पाठ सोडत नाहीत.

अमळनेरजवळच्या आमच्या गावात ती चार वर्षांची होऊन चालायला लागली. लोक मतिमंद म्हणायचे. माय म्हणायची, "तिले टाइम लागस, बस." दूध-भाकरीचा काला आणि केळं याखेरीज ती कशाला तोंड लावत नसे, पण पोर हसरी होती. दोरीवरचे कपडे वाऱ्यानं हलले तरी टाळ्या पिटायची. आठव्या वर्षी मात्र काहीतरी बिघडलं. जेवण झालं की किंचाळायची, स्वतःचं मनगट चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. वडिलांनी दोन भगतांकडे नेलं, गळ्यात गंडे आले. एका डॉक्टरांनी झोपेचं औषध लिहून दिलं. त्यानं ती दिवसभर पेंगायची आणि जाग आली की दुप्पट आकांत करायची. भरीला कपडे सारखे खराब व्हायचे, पातळ डाग पडायचे. हगवण लागली म्हणून माय तिला साबुदाणा आणि कच्च्या केळ्याची भाजी भरवायची, पोट बांधलं जावं म्हणून.

मी तेव्हा धुळ्याला डी.एड. करत होतो. मुलांना वळण कसं लावायचं ते आपल्याला कळलंय, असं मला वाटायचं. सुट्टीत घरी आलो की सुमीचं एक चमत्कारिक वागणं दिसायचं. खाटेच्या कडेच्या लाकडावर पोट दाबून ती उपडी पडून राहायची, डोकं खाली, पाय अधांतरी. मला ते ढोंग वाटे. एका दुपारी मी तिला तिथून तीनदा ओढून काढलं. चौथ्यांदा थोबाडीत मारली आणि खाट भिंतीला उभी करून ठेवली. म्हणालो, "आता बघतो कशी लोंबकतेस ते!" ती रडली नाही. खोलीभर भिंतींना हात लावत फिरली आणि शेवटी उंबरठ्यावर पोट टेकवून आडवी झाली… दोन वर्षांच्या दुखण्यात आराम देणारी तेवढी एकच गोष्ट तिनं स्वतः शोधली होती. ती मी काढून घेतली होती.

पुढच्या उन्हाळ्यात अपंगाच्या दाखल्यासाठी आम्ही तिला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रांगेत तिनं माझ्या हाताला चावा घेतला. तिथली एक वयस्क सिस्टर आली. मला वाटलं, रागावणार. पण तिनं सुमीला बाकावर निजवलं आणि पोटावर हात फिरवला. एका जागी हात थांबला.

"हिला शौचाला कधी झालंय?"

"रोजच होतंय," मी म्हणालो. "उलट हगवणच आहे."

"हगवण नाही ही. आत खडा झालाय, दगडासारखा. वाट काढून कडेनं पातळ तेवढं झिरपतंय. केव्हापासून अशी आरडाओरडा करते?"

"दोन वर्षं."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "बोलता येत नाही तिला. मग ती सांगणार कशी?"

तीन दिवस एनिमा चालले. डॉक्टरांनी झोपेचं औषध बंद केलं, त्यानंही आतडी सुस्त होतात म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी सुमी पलंगावर बसून खिडकीतल्या पडद्याकडे बघत होती. पडदा हलला आणि तिनं टाळी वाजवली. दोन वर्षांनी. मी हसत मायकडे वळलो, तर ती पदर तोंडात धरून बसलेली. "दोन वरीस पोट दुखनं तिनं," ती म्हणाली, "आनि आपन तिले मारं."

सुमी बरी झाली असं म्हणणार नाही. ती बोलली नाही, हट्टही गेले नाहीत, गर्दीत अजून कान झाकायची. पण चावणं आणि डोकं आपटणं जवळजवळ थांबलं. पुन्हा सुरू झालं की माय आधी पोट चाचपायची. हळूहळू सुमीच मायचा हात धरून आपल्या पोटावर नेऊ लागली. आमच्या घरात तो तिचा पहिला शब्द धरला गेला. शेवटच्या आठवड्यात ताप चढला तेव्हा तिनं मायचा हात धरला, तो पोटावर नेला नाही. छातीवर ठेवला. माय लगेच उठली, मिळेल त्या गाडीनं जळगाव गाठलं. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले, आणायला उशीर झाला म्हणाले… उशीर तिनं केला नव्हता. तिनं सांगितलं होतं.

मागच्या रविवारी गावी गेलो. न्याहारी आटोपल्यावर माय परसात गेली आणि न्हाणीच्या पायरीवर बसली. रोज याच वेळेला ती सुमीला बाहेरच्या संडासात बसवायची आणि दार उघडं ठेवून पायरीवरून तिच्याशी बोलत राहायची. कोणाच्या घरी काय झालं, कोणाची गाय व्याली, सगळं. घाई करायची नाही, असं त्या सिस्टरनं बजावलं होतं. आता संडासात कुणी नव्हतं. दार उघडं होतं आणि माय पायरीवर बसली होती.

मी शेजारी बसलो आणि त्या दुपारचं सांगून टाकलं. ओढलेलं, मारलेलं, उभी केलेली खाट. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "मी चुलापाशी व्हतू. ऐकी ऱ्हायंतू."

मग ती त्या उघड्या दाराकडे तोंड करून, नेहमीच्याच आवाजात, गावात काय काय झालं ते सांगू लागली.