सबमिटचा नंबर

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागत असेल. अख्खी गल्ली त्याला 'सबमिट' म्हणते. झेरॉक्सच्या दुकानात बसून तो लोकांचे फॉर्म भरतो आणि शेवटचं बटण दाबताना लिलाव पुकारल्यासारखा "सबमिट!" म्हणून ओरडतो. त्याशिवाय गिऱ्हाइकाला काम झाल्यासारखं वाटत नाही.

फॉर्मात मोबाइल नंबर मात्र तो सर्रास स्वतःचाच टाकायचा. लोक सिम बदलतात, फोन घरी विसरतात, मग ओटीपीसाठी कोण ताटकळत बसणार? त्यामुळे निम्म्या गल्लीचं भवितव्य त्याच्या खिशात वाजत असायचं, आणि त्याचा त्याला कोण तोरा!

समोरच्या शिवणकामवाल्या ताईंची मुलगी कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. यंदा काहीतरी बदललंय, असं तिच्या कानावर आलं, तशी ती विचारायला आली.

"काका, आता सगळ्यांची परीक्षा एकाच दिवशी नाही म्हणे. ज्याला त्याला वेगळी तारीख."

"म्हणे-म्हणेवाल्यांचं ऐकू नकोस."

"पण माझी बदलली तर?"

"तर मेसेज येईल. कुणाला? मला. तू अभ्यास कर, तारखेचं मी बघतो."

ती पुन्हा आली, तेव्हा त्याने मानही वर केली नाही. "अगं, बघतो म्हटलं ना."

मेसेज आला होता. लॉटरी लागल्याच्या, रिचार्ज संपल्याच्या आणि दुसऱ्यांच्या फॉर्मांच्या ढिगाखाली तो न वाचता पडून राहिला. जुन्या तारखेच्या आदल्या दिवशी प्रवेशपत्र छापायला त्याने साइट उघडली, तेव्हा त्याला बदललेली तारीख दिसली. तिची परीक्षा होऊन गेली होती. परवाच. परवा ती हातात पुस्तक घेऊन दुकानावरून गेली होती, आणि "मॅडम, मोठ्या झाल्यावर ओळख ठेवा" म्हणून त्याने चेष्टाही केली होती.

समोरचंच घर, पण तिथे जायला त्याला संध्याकाळ झाली.

"बरं झालं आलात," ताई म्हणाल्या. "हिला समजवा जरा. उद्याच्या धास्तीने जेवत नाहीये."

त्याने सांगितलं. ताईंचा पाय थांबला, तरी मशीनचं चाक थोडं फिरतच राहिलं. मुलगी रडली नाही. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"हुकलेल्यांना दुसरी तारीख मागता येते," तो घाईघाईने म्हणाला. "कारण द्यावं लागतं. आजारी होती म्हणू. डॉक्टर ओळखीचा आहे, लिहून देईल."

"मी आजारी नव्हते, काका."

"अगं, सगळे तेच लिहितात."

"मी घरात अभ्यास करत होते. तुम्ही बघितलंय मला."

ताई म्हणाल्या, "झालं तेच लिहा."

मुलगी दुकानात त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. कुणाचाही अर्ज डोळे मिटून भरणारा हा माणूस एकेक अक्षर शोधत होता. 'मेसेज माझ्या फोनवर आला. मी वाचला नाही. मुलीची चूक नाही.' खाली स्वतःचं पूर्ण नाव टाइप करताना तो दोनदा चुकला. मोबाइलच्या रकान्यात बोटांनी सवयीने त्याचाच नंबर टाकला.

"तो नको," ती म्हणाली. "आईचा टाका."

ओटीपी समोरच्या घरी गेला. ताईंनी दारात येऊन आकडे ओरडून सांगितले, चष्मा नव्हता म्हणून आधी चुकीचे, मग बरोबर. त्याने बटण दाबलं.

ती थांबून राहिली. "झालं का?"

"झालं," तो हळूच म्हणाला.

त्यानंतर समोरचं मशीन थांबलं, की याची मान वर व्हायची. विचारायला जायचं तोंड नव्हतं. शेवटी एका दुपारी ती आपणच आली.

"तारीख मिळाली, काका."

त्याने लगेच खिशातला फोन काढला. "मिळाली ना? कधीची गं? मी लक्षात—"

"नको," ती म्हणाली, रागाने नाही, अगदी साधेपणाने. "आम्ही बघतो."