ताण्याखालून जाणारी माणसं

आमच्या गल्लीत सकाळी घाई चालायची नाही. घाईला पाय टाकायला जागाच नसायची. गल्लीतले तेलुगू विणकर उजाडायच्या आत लुगड्याचा ताणा लावायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत उभं सूत, बांबूच्या तिकाटण्यांवर ताणलेलं, कमरेच्या जरा वर. कधी डाळिंबी, कधी हिरवं, कधी ओल्या हळदीसारखं. दोन्ही अंगांनी माणसं कुंचे घेऊन चालायची, सुताला खळ लावत. गिरणीचा भोंगा व्हायचा, चुलींचा धूर त्या सुतावर येऊन बसायचा, आणि मला अर्धवट झोपेत वाटायचं की रात्रीतून कोणीतरी गल्लीत नदी आणून सोडलीय.

आमचं घर नदीच्या अलीकडं, शाळेची वाट पलीकडं. म्हणजे रोज ताण्याखालून जायचं. पलीकडच्या दारात विणकरांची म्हातारी बसलेली असायची, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. ती प्रत्येकाला बजावायची, "मेल्लगा रे, मेल्लगा. तार तुटला तर तुझा बाप जोडतो काय?" मेल्लगा म्हणजे जपून, हळू. मला तेलुगू तेवढंच यायचं, पण अव्वाच्या आवाजात यायचं.

नकला मी त्या ताण्याखालीच शिकलो. कारण खाली वाकलं की माणसाचं सगळं कळतं की. पोस्टमन थैली पोटाशी धरून जायचा. आमचे वडील तपकिरीची डबी आधी पलीकडं ठेवायचे, मग स्वतः जायचे. शेजारची काकू जाता जाता बोलतच असायची, वाक्य अलीकडं सुरू, पलीकडं पुरं.

समोरच्या माडीवर आमचे इंग्रजीचे मास्तर राहायचे. नवीन होते, कायम झाले नव्हते. बायको वैरागला माहेरी. कायम झाल्याशिवाय तिला आणायचं नाही, असं सासऱ्यांनीच सांगितलं होतं म्हणे. त्यांच्या खोलीत एक वळकटी, एक तांब्या, आणि भिंतीवर आरसा. आरसा इतका खाली टांगलेला की मास्तरांना भांग पाडताना गुडघ्यात वाकावं लागायचं.

"आरसा वर घ्या की," मी म्हटलं एकदा.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तो माझ्या उंचीचा नाहीये."

मला वाटलं, मास्तरांना उंचीचं कळत नाही. घरी आईला सांगितलं तर ती हसली नाही, नुसतं "बिचारा" म्हणाली.

तर ह्या मास्तरांनी एक दिवस फळ्यावर इंग्रजी क्रियाविशेषणांची रांग लावली. केअरफुली, कॉशसली, जिंजरली, टेंडरली. आम्ही विचारलं, अर्थ काय. मास्तर म्हणाले, सगळ्यांचा अर्थ जपून. मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, "मग एक ठेवा की सर. बाकीची इंग्लंडला परत पाठवा."

मास्तर चिडले नाहीत. माडीवरनं त्यांनी माझ्या नकला बघितल्या होत्या. माझ्याकडं वळून म्हणाले, "तू उठ. गल्ली दाखव."

दोन बाकांच्या मधे मी ताणा लावला, म्हणजे हवेतच. वडिलांची डबी पलीकडं ठेवली, ते कॉशसली. कुंचा हलक्या हातानं फिरवला, ते केअरफुली. तुटलेली तार जोडताना अव्वा बोटांनी जशी चाचपायची तसं केलं, तर वर्गच म्हणाला, टेंडरली. तेव्हापासून रोज इंग्रजीच्या तासाला ताणा लागायला लागला. बाहेर हशा जायचा. एकदा हेडमास्तर दारात येऊन मास्तरांना म्हणाले, "वर्ग चालवता का फड? पुढच्या हप्त्यात इन्स्पेक्टर येतायत. त्यांना पटलं तर राहाल, न पटलं तर मी काही बोलणार नाही."

त्या संध्याकाळी मास्तर आरशापुढं वाकून बराच वेळ नुसते उभे होते. भांगही पाडत नव्हते.

तपासणीच्या दिवशी सकाळी गल्लीत डाळिंबी ताणा होता. टांगा कोपऱ्यावर अडला आणि त्यातनं एक परके गृहस्थ उतरले. फेटा, लांब कोट, करकरणारे बूट. चुकून आमच्या बाजूला शिरले, आणि आता पलीकडं जायचं तर वाकणं आलं. एका हातानं फेटा धरला, दुसऱ्या हातानं कोट, आणि गेले खाली. अव्वा म्हणाली, "मेल्लगा." ते दचकले. बाहेर आले, पण सरळ काही होईनात. तसेच वाकलेले, फेटा धरलेला, थेट चौकापर्यंत.

मला काय, सोनं सापडलं. शाळेच्या फाटकात पोरांना सगळं करून दाखवलं, बुटांच्या करकरीसकट. पोरं भिंतीला टेकून हसली.

आणि तासाला हेडमास्तरांच्या मागून वर्गात तोच फेटा आला.

साहेबांनी फळा वाचला. म्हणाले, "केअरफुली आणि जिंजरली, फरक काय?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. फाटकातलं मास्तरांना काहीच ठाऊक नव्हतं. खडू मुठीत धरून ते म्हणाले, "उठ. दाखव साहेबांना."

मी पोस्टमन करायचं ठरवलं होतं, देवाशपथ. पण अंगात अजून सकाळच होती. हात आपोआप डोक्याकडं गेला, दुसरा कोटाकडं, आणि मी खाली गेलो. अर्ध्यात कळलं, पण ताण्याखाली अर्ध्यात थांबता येत नाही. बाहेर आलो आणि तसाच वाकलेला चालत खिडकीपर्यंत गेलो. हेडमास्तर मास्तरांकडं बघत होते, मास्तर खडूकडं.

"ताणा संपला ना?" साहेब म्हणाले. "मग हा अजून वाकलेला का?"

"साहेब, त्यांना वाटतंय अजून असंल वर," मी म्हणालो. "केअरफुली जाणारा माणूस ताणा संपला की सरळ होतो. जिंजरलीवाल्याचा ताणा संपतच न्हाय."

साहेबांनी फेटा चाचपला. बोटाला वाळलेली खळ लागली. ती त्यांनी जरा वेळ बघितली, मग रुमालाला पुसली. "पुढचा वर्ग," म्हणाले, आणि गेले.

त्यानंतरचे दिवस मला पाण्याखालून बघितल्यासारखे आठवतात. तासाला ताणा लागेना. मी गल्लीतनं जाताना कुणाचीच नक्कल करत नव्हतो, नुसता जात होतो. अव्वानं विचारलं, "ताप आला काय?"

मग एका दुपारी मास्तर आमच्या दारात आले. आईला म्हणाले, "वहिनी, कुंकवाचा करंडा चांगला कुठं मिळतो?"

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "कधी येणार त्या?" एवढंच विचारलं.

मास्तरीणबाई आल्या, ती सकाळचीच वेळ होती. त्या दिवशी ताणा हिरवा. त्या आमच्या बाजूला उभ्या राहिल्या, बुटक्या, अंगानं बारीक, हातात दह्याचं मडकं. त्या वाकल्या आणि हिरव्याखालनं गेल्या. दही हललं नाही, सूत हललं नाही. अव्वा मेल्लगा म्हणायलाच विसरली. ती चाल मी पुढं कितीदा करून पाहिली, जमली नाही.

पलीकडं मास्तर उभे होते. डोक्यावर एक तार नव्हती, तरी वाकलेले.