न खेळलेल्या क्लबाचा इतिहास

आमच्या बेटावरच्या फुटबॉल क्लबाचा इतिहास मी लिहिला. चौदा पानं, डावीकडं समास सोडून, शाळेच्या अक्षरात. त्यात बेट खरं, नदी खरी आणि माझा भाऊ पाण्यात मेला एवढं खरं. बाकी क्लब, सामने, हिरवे बनियन, ढाल हे सगळं मी सोलापुरात माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी बसून रचलं. पंचवीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, पोरांना कल्पनाविस्तार करा म्हणून छड्या दाखवल्या. स्वतःवर वेळ आली तेव्हा बाईंना पैकीच्या पैकी.

बेट म्हणजे समुद्रातलं नव्हे. मोहोळच्या बाजूला सीना नदीला एका ठिकाणी दोन फाटे फुटतात आणि कोसभर खाली जाऊन परत एक होतात. मधल्या जमिनीवर आमची वस्ती. उन्हाळ्यात एक फाटा कोरडा पडायचा, मग चालत जायचं. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी, मग काहील. गूळ शिजवायची ती लोखंडाची मोठी काहील, तीच आमची नाव. तिला पुढं नाही, मागं नाही. वल्हं मारलं की आधी स्वतःभोवती गिरकी घेते आणि मग कुठं सरकते. नव्या सुनांना पहिल्या वर्षी हमखास ओकारी व्हायची. पूल मागायचं काम आमच्या आजोबांपासून चालू होतं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सातवीत शाळा सुटली त्याची, म्हणजे त्यानं सोडली आणि कुणी परत बसवला नाही. मला मात्र रोज काहिलीतून पलीकडं सोडायचा. मी मधोमध फतकल मारून बसायची, दप्तर मांडीवर, डोळे मिटलेले. तो मुद्दाम एक गिरकी जास्त द्यायचा.

"मास्तरीण व्हनार म्हंतीस आन् पान्याला भितीस व्हय गं?"

मी दहावीत होते. सहामाहीचा गणिताचा पेपर. सहामाही, बोर्डाची परीक्षासुद्धा नव्हे. सकाळपासून पाणी चढत होतं, रंग बदलला होता. आई म्हणाली, आज न्हाय जायाचं. मी रडले. रडले कसली, तमाशा केला. भाकरीचं ताट लोटून दिलं. दादा उठला, म्हणाला, "चल, लई वरडू नगंस." मला नीट पलीकडं उतरवलं, माझ्या चपला हातात दिल्या आणि मागं फिरला. मधल्या धारेत काहील उलटली. मी तोवर वाटेला लागले होते; इकडं आकांत झाला तेव्हा वर्गात पेपर सोडवत होते. दोन दिवसांनी तो खालच्या बंधाऱ्याला सापडला. त्या पेपरात मी वर्गात पहिली आले. ते घरी सांगायची हिंमत झाली नाही.

आईनं मला कधी बोल लावला नाही. एकदासुद्धा नाही, रागाच्या भरातही नाही. तिनं पूल धरला. "माजं लेकरू पुलापायी गेलं," एवढं एक वाक्य तिनं आयुष्यभर पुरवलं. मतं मागायला जो कुणी जीपमधून उतरेल त्याच्यासमोर ही बाई पदर खोचून उभी राहायची आणि ते वाक्य बोलायची. हार घालू द्यायची नाही आधी. गाव दरसाल पुलाचा अर्ज करायचं, त्यात दादाचं मरण लिहिलेलं असायचं आणि खाली आईचा अंगठा. तिच्या त्या वाक्यावर मी जगले. तिनं पुलाला धरलं नसतं तर तिला कुणाला तरी धरावंच लागलं असतं, आणि वडील आधीच गेलेले, घरात दुसरं होतं कोण?

मग मागं तो मोठा पूर आला. बेटावरची घरं बसली, भिंतीसकट वाहून गेली. माणसं वाचली हे नशीब. बेट रिकामं करा असा हुकूम निघाला आणि वरच्या माळावर नवं गावठाण पाडून दिलं. रानं मात्र बेटावरच राहिली. गावठाणाच्या मधोमध मोकळा तुकडा होता. पोरांना खेळायला मैदान करावं असं सगळ्यांच्या मनात, पण एका वजनदार माणसाच्या मेव्हण्याचा त्यावर पेट्रोल पंपासाठी डोळा होता. तेव्हा आमचे धाकटे चुलते, म्हणजे गावचे पुढारी, सकाळच्या एसटीनं माझ्याकडं सोलापूरला आले. चहा बशीत ओतला आणि फुंकर घालत म्हणाले, "सरकारच्या योजनेत मैदान मिळतंय की. पर गावात जुना खेळाचा क्लब असला पायजे. कागूद पुरात गेले म्हनून सांगू. इतिहास तू लिवून दे."

"कबड्डीचा क्लब दाखवा मग."

"कबड्डी भवतालच्या गावांनी कवाच दाखवली. आता योजनेच्या यादीत फुटबॉल तेवढा उरलाय."

"काका, आपल्यात फुटबॉल बघितलाय तरी कुणी?"

"बघायचा कशाला? लिवायचाच हाय की."

मला हसू आलं. हसत हसतच मी लिहायला बसले, आणि खरं सांगायचं तर मजा आली. क्लब आमच्या आजोबांच्या वेळी काढला. बेटावर पुरेशी पोरं नसायची, म्हणून अकरावा गडी म्हणून देवळाच्या पुजाऱ्याला उभा करायचे. वैरागच्या संघाला हरवलं, मंगळवेढ्याच्या संघाकडून सपाटून मार खाल्ला. नुसतं जिंकलं असं लिहिलं की कुणी विश्वास ठेवत नाही, हे निबंध तपासून तपासून मला ठाऊक होतं. चेंडू नदीत गेला तर ज्यानं मारला त्यानंच पोहत जाऊन आणायचा, असा एक नियमही घातला. तो मला फार आवडला.

काकांनी वाचलं, मान डोलावली. म्हणाले, "झ्याक. पर एक मानूस मरायला पायजे. साहेबाच्या काळजाला भिडंल असं." बशी खाली ठेवली. "दादा हाय की आपला. त्यो तर पान्यातच गेला."

मी तेव्हाच त्यांना चहाच्या कपबशीसकट दाराबाहेर काढायला हवं होतं. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. मी म्हणाले, बघते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले आणि लिहून टाकलं. अंतिम सामना, नदीला पूर, गोलरक्षक दादानं मारलेला चेंडू धारेत गेला, नियमाप्रमाणे त्यानंच उडी घेतली आणि तो परत आला नाही. चेंडू मात्र काठाला लागला. काय वाक्य लिहिलं होतं मी, लाज वाटते.

गावच्या पोरांसाठी लिहिलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खोटं नाही. पण त्या पानावर दादा सामन्यात मरत होता. तिथं काहील नव्हती, सहामाही नव्हती, लोटलेलं ताट नव्हतं. मी कुठंच नव्हते. ते पान लिहून झाल्यावर मला जितकं हलकं वाटलं तितकं त्याआधी कधी वाटलं नव्हतं. ही खरी गोष्ट आहे आणि तेव्हाच मला कुणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

फोटो काढला. हिरवे बनियन सोलापुरातून नेले. चेंडू मधल्या गड्यानं सत्यनारायणाच्या कलशासारखा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. फोटोत गडी बारा. पडताळणीला आलेल्या साहेबानं ते मोजले नाहीत. त्याला दुसरंच दिसलं. फायलीत पुलाचा जुना अर्जही होता.

"हा मनुष्य इथं पूल नाही म्हणून मेला," तो म्हणाला, "आणि तिथं चेंडूसाठी मेला. एक माणूस दोनदा कसा मेला हो? एक काहीतरी ठेवा."

काकांनी चेंडू ठेवला. पुलाचा अर्ज मागं घ्यायचं ठरलं. बेटावर आता घरं नाहीत, पूल हवा कुणाला, आणि मुलगा चेंडूसाठी गेला, असं त्यात लिहायचं. अर्ज आईच्या अंगठ्याचा, म्हणून मागं घ्यायलाही तिचाच अंगठा पाहिजे. तो आणायचं काम कुणाकडं येणार? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.

आई नव्या घराच्या पत्र्याखाली शेंगा फोडत बसली होती. मी शाईचा पॅड तिच्यापुढं ठेवला.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"चेंडू? त्यानं कदी चेंडू हातात न्हाय धरला."

"मैदानासाठी गं आई. पोरांना खेळायला जागा होईल. दादाचं नाव लागेल."

"मंग पूल?"

"बेटावर आता राहतंय कोण?"

"रानं हायती की. बाया जात्यात की खुरपायला."

मी पॅडचं झाकण उघडलं. वर्गात पोरानं असं उत्तर चुकवलं की मी त्याला बाकावर उभं करायची. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि अंगठा पुढं केला. "तू शिकलेली हाईस. तू म्हंतीस तर खरं आसंल." शिकलेली. कुणाच्या जिवावर शिकले ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

साहेबानं जाता जाता तिला विचारलं, "आजी, मुलगा फुटबॉल खेळायचा ना?" सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघायला लागलं. ती म्हणाली, "व्हय. लई." साहेबानं कागदावर खूण केली.

मैदान झालं. दादाच्या नावाची कमान आहे, दोन्ही टोकांना गोलाचे खांब आहेत. फुटबॉल आजतागायत कुणी खेळलं नाही. पोरं क्रिकेट खेळतात, लग्नसराईत मांडव पडतो, खांबाला शेळ्या बांधतात. काही का असेना, पेट्रोल पंप झाला नाही, पोरांना पळायला जागा राहिली, हे मीही मान्य करते. पण गोष्ट माझ्या हातून सुटली. नव्या सुना ती खरी म्हणून सांगतात. एका पंधरा ऑगस्टला गावच्या शाळेत एका पोरीनं 'बेटाचा वीर' म्हणून भाषण केलं, त्यात माझं ते चेंडू काठाला लागल्याचं वाक्य जसंच्या तसं. टाळ्या पडल्या. मी पाहुणी म्हणून खुर्चीवर बसले होते आणि मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरच्या निवडणुकीला जीप आली तेव्हा आई उठली नाही. उमेदवार वाकून पाया पडला, त्यानं आशीर्वाद मागितला, तिनं दिला. तिच्याजवळ बोलायला दुसरं काही राहिलंच नव्हतं. बाया अजून काहिलीतून रानात जातात. पूल नाही, आणि आता मागायला कारणही नाही.

गेली काही वर्षं आई माझ्याकडं सोलापुरात आहे. विसरत चाललीय. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग जेवले की नाही ते, मग वडील. दादा राहिला. पण कुठला राहिला? गावात रोज कानावर पडणारा, भाषणातला, कमानीवरचा. काहिलीतला दादा गेला आणि माझ्या चौदा पानांतला तेवढा उरला. आणि ती त्याच्यावर चिडायला लागली. इतक्या वर्षांत कुणी त्याला वावगा शब्द बोललं नव्हतं. आता ती कॉटवर बसून त्याला शिव्या घालते. "चेंडूसाटी जीव दिला मुडद्यानं. आयचा इचार न्हाय, भैनीचा न्हाय. खेळायचं सुचतंय. उनाड कुटला."

गेल्या महिन्यात मला ते सहन झालं नाही. मी तिच्या कॉटजवळ मेथी निवडत बसले होते, ती बाजूला सारली आणि तिचे दोन्ही हात धरले. म्हटलं, आई, ऐक, त्यानं कधी चेंडूला हात लावला नाही. तूच सांगितलं होतंस मला. ते मी लिहिलं, सगळं मी लिहिलं. माझा पेपर होता. तू नको म्हणत होतीस. मी रडले, ताट लोटलं, म्हणून तो मला सोडायला आला. माझ्यापायी गेला तो. त्याला बोलू नकोस. बोलायचं तर मला बोल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता येईल, इतक्या वर्षांनी तो बोल माझ्या पदरात पडेल आणि एकदाची सुटेन. तिनं माझ्या हातातून आपले हात सोडवून घेतले, मेथीची जुडी पुढं ओढली आणि निवडायला लागली.

"तू गप," ती म्हणाली. "तुला काय ठावं? तू तवा साळंत हुतीस."