उंबऱ्यावर बसत न्हाईत

विंझरला माझ्या चहाच्या टपरीशेजारी एक सुतार आहे. पाडलेल्या घरांचं जुनं सागवान तो तारेच्या ब्रशनं घासतो, त्याला जवसाचं तेल पाजतो आणि गिऱ्हाइकाशी भांडतो. भांडतानाही बघतो लाकडाकडंच. त्याच्यापायी माझंही गिऱ्हाईक पळतं.

परवा एका फार्महाऊसवाल्या साहेबांनी जुना उंबरा आणला. "याचं बाकडं करा."

"उंबऱ्यावर बसत न्हाईत."

"लाकूड माझं आहे!"

"व्हय. पर हात माजं हायती."

"मग ठेवा तुमच्यापाशीच!" म्हणत साहेब गेले.

यानं तो घासूनपुसून, तेल पाजून स्वतःच्याच दुकानाच्या दारात बसवला.

काल साहेब दुसरं लाकूड घेऊन आले. उंबऱ्यावर पाय ठेवणार, तोच हा मान वर न करता म्हणाला, "पाय उचलून या."

साहेबांनी उचलला.