देवरामदादांचा नमस्कार

देवरामदादांची पिकअप नदीपाशी आली की थांबायची म्हणजे थांबायचीच. दादा खाली उतरायचे, पुढच्या उजव्या चाकापाशी वाकायचे, मग बोनेटला वळसा घालून डाव्या चाकापाशी वाकायचे आणि कमरेवर हात ठेवून थोडा वेळ पाण्याकडे बघत उभे राहायचे. मागे हौद्यात बसलेली माणसं तोवर हात जोडून गप्प.

सुरगाण्याच्या डोंगरात मी नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. मांडीवर लशींचा डबा घेऊन पुढे बसले होते. सगळ्यांनी हात जोडले तसे मीही जोडले. नाशिकच्या इंदिरानगरात वाढलेली मी. म्हटलं, इकडची रीत असेल. दोन महिने मी त्या चाकाला अगदी भक्तिभावाने नमस्कार केला आणि एके दिवशी विचारलं, "दादा, हा देव कुठला?"

दादा इतके हसले की त्यांची टोपी पडली. "देव कुठला, बाई! फोर व्हील टाकतोय मी!"

मग त्यांनी मला खाली उतरवून दाखवलं. पुढच्या चाकाच्या मधोमध वाटीएवढी एक चकती होती. ती हाताने फिरवली की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळायचा. नदीवरच्या बुटक्या फरशी पुलावरचं पाणी आणि पलीकडचा लाल चिखलाचा चढ त्याशिवाय पार व्हायचा नाही. ते म्हणाले, "चिखलाआधी उतरावं. चिखलात गेल्यावर उतरून काय, बूटच हरवायचा."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"कशाला? हात जोडले की लोक गप ऱ्हातात. मला नदी ऐकू येते."

गाडीचा विषय निघाला की दादांना वेळेचं भान नसे. त्यांच्या लेखी ते एक घराणंच होतं. "आजा फौजेत व्हता," अशी सुरुवात व्हायची. आजा म्हणजे देवळालीच्या लिलावातून त्यांच्या वडिलांनी आणलेली जुनी जीप. नाशिकच्या एका गॅरेजात तिची पाठ कापून हौदा जोडला. पेट्रोल पिऊन पिऊन तिने वडिलांना जेरीस आणलं, तेव्हा पोटात डिझेलचं इंजिन बसवलं. पुढची चाकं मात्र गरज असो नसो, सदा जुंपलेली. "बाप शेतात राबला," म्हणजे कारखान्यातच पिकअप म्हणून जन्मलेली ही दुसरी गाडी, चकत्यांची. तिने भात वाहिला, नागली वाहिली, पिंपळगावच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारी माणसं वाहिली आणि पावसाळ्यात मला नि माझ्या डब्याला. "आता नातू येईल बाई, शिकलेला. त्याला उतरायला लाज वाटंल."

एका आषाढात दादा चाकापाशी वाकले ते वर येईनात. मी काचेतून पाहिलं तर दोन्ही हातांनी चकतीशी झटत होते. उतरून जवळ गेले. बोटांची पेरं सुजलेली, मूठ मिटत नव्हती. मी वाकले आणि चकती फिरवली. दुसरीही फिरवली. मागे माणसं हात जोडून बसली होती. एक म्हातारी म्हणाली, "बाईंनाबी आता देव पटला."

पलीकडे गेल्यावर दादा हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नका. हात गेला म्हणून कळलं तर गाडीत कोण बसंल? तुमचा डबा तरी कोण नेईल?"

ते खरं होतं. फरशीपलीकडच्या पाड्यांना पावसाळ्यात दुसरी गाडी नव्हती. पण मी नर्स होते. हे दुखणं मागे फिरणारं नाही हे मला दिसत होतं. त्यांना स्टिअरिंग पुरतं आवरतंय की नाही ते मी पुढचे चार दिवस डोळ्यांत तेल घालून पाहिलं. आवरत होतं. मग म्हटलं, "दादा, चकत्या मी फिरवीन. पण तुमच्या लेकीला, मंजुळाला गाडी शिकवा. ज्या दिवशी स्टिअरिंग जड जाईल, त्या दिवशी मी तुमच्याशेजारी बसणार नाही."

दादांना राग आला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मंजुळा गाडी पुढे-मागे करताना दिसली आणि दादा कुंपणापाशी उभे राहून ओरडत होते, "क्लच हाय तो, जातं नाय दळायचं!"

पुढे मंजुळाने 'नातू' आणला. पांढरा, एसीवाला, आत फोर व्हीलचं बटण असलेला. चाकांवर चकत्याच नाहीत. पहिल्याच पावसाळ्यात ती आम्हा दोघांना घेऊन नदीवर आली, ऐटीत बटण दाबलं, समोर स्पीडच्या काट्याशेजारी हिरवा दिवा लागला. दादा म्हणाले, "थांब. उतर."

"बाबा, बटण हाय ना आता!"

"बटण चाकाला हाय. नदीला नाय."

ती चडफडत उतरली. दादांनी तिला पाणी दाखवलं. वरून पालापाचोळा आणि काटक्या येत होत्या, पाण्याचा रंग गढूळत होता. "वर कोसळलाय. बसा." आम्ही बसलो. माझा थर्मासमधला एक चहा संपेस्तोवर फरशीच्या कडेचे दगडी खांब पाण्याखाली गेले. मंजुळा खांब बुडाले तिकडे बघत राहिली. दादा तिला एक शब्दही बोलले नाहीत. मला त्यांचं तेच फार आवडलं.

मी निवृत्त होऊन इंदिरानगरात परतले. गेल्या श्रावणात मंजुळाचा फोन आला. दादा झोपेतच गेले होते. मी फोन ठेवला आणि पोटभर रडले.

दहाव्याला गेले तेव्हा सुरगाण्याच्या स्टँडवर मंजुळाच घ्यायला आली. हौद्यात पाहुणे बसले होते. नदी आली. तिने गाडी थांबवली, बटण दाबलं, दिवा लागला. मग ती उतरली. उजव्या चाकापाशी वाकली, बोनेटला वळसा घालून डाव्या चाकापाशी वाकली आणि कमरेवर हात ठेवून पाणी बघत उभी राहिली. मागे सगळ्यांनी हात जोडले.

त्या चाकांवर फिरवण्यासारखं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. मी उतरले, दुखऱ्या गुडघ्यांनी वाकले आणि चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. पहिले दोन महिने न कळता नमस्कार केला, मग इतकी वर्षं त्याचं सोंग केलं, त्या दिवशी पहिल्यांदा खरा केला.

"पाणी ठीक हाय, बाई," मंजुळा म्हणाली. "बसा."