वायसरकाकांचा गळका नळ

वायसरकाकांचं खरं नाव विचाराल तर अर्ध्या बाजाराला सांगता येणार नाही. कुणाच्याही घरचा नळ बिघडला की आतला आट्यांचा तुकडा, म्हणजे स्पिंडल, कागदात गुंडाळून लोक त्यांच्या जुन्या नळांच्या दुकानी यायचे. काका आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "मागची फळी, तिसरा डबा." त्यातला स्पिंडल घरी नेऊन लावला की चपखल बसायचा! तीस वर्षांत एकही गिऱ्हाईक हात हलवत परत गेलं नव्हतं. आणि अशा माणसाच्या मोरीतला नळ दिवसभर टप टप गळायचा. बाजारातली टवाळ मंडळी म्हणायची, "काका, दुरुस्तीला एखादा चांगला माणूस पाठवू का?" काका हसून सोडून द्यायचे. सांगणार तरी काय, कपाळ!

तो नळ त्यांच्या लेकीचा होता. पोरीची बोटं जन्मापासून आत वळलेली, मूठ उघडायचीच नाही. एका पाडलेल्या इस्पितळाच्या भंगारात काकांना कोपरानं ढकलायच्या लांब दांडीचे दोन नळ मिळाले. एक त्यांनी विकला, दुसरा घरी लेकीच्या उंचीला बसवला. त्या दिवशी पोरीनं आईला मोरीबाहेर घालवलं आणि सात वेळा हात धुतले. कोपरानं तिला नळ पुरता बंद करता यायचा नाही, मागे थेंब गळत राहायचे. अकराव्या वर्षी ती तापानं गेली. तिनं शेवटचा जसा सोडला तसाच तो नळ राहिला. बायको खाली बादली ठेवायची, भरली की कुंड्यांना पाणी घालायची. नळ घट्ट आवळायचा किंवा वायसर बदलायचा विषय दोघांपैकी कुणीही कधी काढला नाही.

एके दुपारी एक बाई मोडका स्पिंडल घेऊन आली. काकांनी नख फिरवलं आणि लगेच ओळखलं. हा त्या विकलेल्या नळाचाच होता, आणि याचा जोड आता फक्त त्यांच्या मोरीत होता.

"नवा नळच लावा की, ताई."

"भाड्याची खोली आहे, काका. नळ भिंतीत चिणलेला, आणि मालक भिंतीला हात लावू देत नाही." मग तिनं आवाज खाली आणला. "ह्यांचे दोन्ही पंजे मशीनमध्ये गेले. या नळावर स्वतःचं सगळं स्वतः करायचे. आता मी कामावरून येईपर्यंत पाणीच पीत नाहीत. प्यायलं की मोरीत जावं लागतं, मग शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. त्याची लाज वाटते त्यांना."

काकांनी तुकडा पुन्हा कागदात गुंडाळला. "हा माल बंद झाला. नाही मिळायचा."

तीस वर्षांतलं पहिलं 'नाही', आणि तेही धडधडीत खोटं! बाई वाद न घालता निघाली. जाताना पत्ता मात्र ठेवून गेली, कुठे सापडलाच तर म्हणून.

संध्याकाळी काका अर्ध्या ताटावरून उठले. बायकोनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं.

"त्या नळाला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "सांगून ठेवते."

"मी कुठे लावतोय?"

मोरीतून थेंबांचा आवाज येत होता.

"दिवसभर पाणी पीत नाहीत म्हणाली?"

"हो."

"आपली पोरगी शाळेत तेच करायची. बाटली भरलेलीच परत आणायची. मी ओरडायचे तिला, अहो. कारण कळेपर्यंत वर्ष गेलं." पदर तोंडाला लावून ती उठली, आत गेली.

सकाळी काका उठले तेव्हा मोरीच्या उंबऱ्यावर पाना काढून ठेवलेला होता. बायको पाठ करून भांडी घासत होती. काकांनी स्पिंडल सोडवला, मोकळ्या भोकाला बूच मारलं. टप टप थांबली. इतकी वर्षं ऐकलेला आवाज गेला, तरी काका बादलीकडे कान लावून बसले.

पत्ता काढत काका बाईच्या खोलीवर गेले; भिंतीतल्या त्या नळात स्पिंडल बसला. काकांनी नवा वायसरही घातला. बाईच्या नवऱ्यानं कोपरानं दांडी ढकलली, पाण्याखाली तोंड धरलं आणि तो घटाघटा प्यायला. मग दांडी मागे लोटली. नळ बंद झाला, एक थेंब गळेल तर शपथ. काम एक नंबर झालं होतं, आणि काकांना मेलं तेच बघवेना.

घरी आले तर बायको बसलेली. बादली रोजच्या जागी, बुचाखाली, कोरडी.

"बसला?"

"बसला."

"त्यांच्याकडे गळतो का हो?"

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"गळतो," ते म्हणाले. "थोडा थोडा गळतो."

"मग बरं," ती म्हणाली, आणि बादली उचलून आत घेऊन गेली.