डावा पाय आणि दोन डाव्या बाह्या

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, कपडे बेतणारे. हे कापतात, मी शिवते. खाली दुकान, वर आम्ही, मध्ये सोळा पायऱ्या. बावीस वर्षं संसार असाच चाललाय आणि भांडणंही ठरलेली. कपडा बिघडला की हे म्हणणार शिलाई चुकली, मी म्हणणार कापणी चुकली. खरं सांगू? कापणी कधी चुकलेली नसायचीच. मला माहीत असायचं, तरी मी भांडायचे. हार मानायचा माझा स्वभावच नाही.

चार महिन्यांपूर्वी तापाची साथ आली. गल्लीत घरटी एक जण आडवा. मी पाच दिवसांत उठले, हे दहा दिवसांनी. उठले म्हणजे ताप गेला, इतकंच. सोळा पायऱ्या चढायच्या तर आठव्या पायरीवर बसकण मारायचे. कात्री हातात धरून कात्री शोधायचे. "अगं, ते... ते आपलं टोकदार..." असं म्हणून नुसती बोटं हलवायचे. त्यांना टाचणी हवी असायची.

डॉक्टर झाले, रक्त झालं, छातीचा फोटो झाला. सगळे रिपोर्ट नॉर्मल. नॉर्मल म्हणे! मग धडधाकट माणूस सकाळी अकरा वाजता कापडाच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून झोपतो तो काय हौस म्हणून? की खरंच हौस म्हणूनच? मला काही कळेनासंच झालं होतं. एका क्षणी दया यायची, दुसऱ्या क्षणी डोकं फिरायचं. "उठा की आता!" असं ओरडायचे आणि ते उठले की मलाच रडू यायचं.

थोरल्या नणंदबाईंना मात्र सगळं कळत होतं. "मनाचे खेळ आहेत गं हे. तू जरा जास्तच लाड करतेस त्याचे," म्हणाल्या. लाड! दुकान मी उघडते, दुकान मी बंद करते, गिऱ्हाइकांची बोलणी मी खाते, आणि लाड म्हणे.

त्यातच बाह्यांचं प्रकरण झालं. एका गिऱ्हाइकाचा कोट होता, लग्नाला घालायचा. मी बाह्या लावायला घेतल्या. एक डावी लागली. दुसरी काही केल्या बसेना. फिरवून पाहिली, उलटी करून पाहिली. मग लक्षात आलं, दोन्ही डाव्याच! कापड एकेरीच उरलं होतं, दुमडून दोन्ही एकदम कापण्याजोगं नव्हतं, त्यातून दुसरी बाही कापताना नमुना उलटवायचा राहून गेला होता. शिकाऊ माणूसही असलं करत नाही. मी दोन्ही बाह्या ह्यांच्यापुढे टेबलावर ठेवल्या. त्या दिवशी भांडण झालं नाही. ह्यांनी एका बाहीवर दुसरी ठेवून पाहिली आणि म्हणाले, "माझं डोकं गेलं गं."

त्यांना धीर यावा म्हणून मीच म्हटलं, "दुसऱ्याचं राहू द्या, स्वतःची पँट बेता." त्यांनी बेतली. दोन दिवस घेतले, पण बेतली. ह्यांना पँट लागते अंगासरशी, पायावर कापड लोंबलेलं खपत नाही. मी शिवली, त्यांनी चढवली, आणि डावा पाय पोटरीवर घट्ट!

"कापणी चुकली," मी म्हटलं. तोंडातून सवयीने गेलं हो. पण ते नेहमीसारखे उसळलेच नाहीत. हळूच म्हणाले, "कापड दुमडून दोन्ही पाय एकाच घडीत कापले. एक अरुंद होईल कसा?"

"घडी सरकली असेल."

"असेल," म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस 'असेल' म्हणाला. मग कात्री पुसली, खणात ठेवली आणि खण लावून टाकला. "आता दुसरा कुणी कापणारा बघ," म्हणाले.

खण उघडायला लावायचा, एवढंच मग माझ्या डोक्यात राहिलं. पँट नीट बसली की सगळं नीट होईल असं मी धरून चालले. डाव्या पायाची शिलाई उसवली, आत राखलेलं कापड थोडं सोडलं, पुन्हा शिवली. पँट बसली. हेही जरा खुलले. पाच दिवसांनी पुन्हा घट्ट! आता मला माझीच शंका यायला लागली. पुन्हा उसवली, होतं नव्हतं ते कापड सोडलं. तीन दिवसांनी हे म्हणाले, "डावी पोटरी ठणकतेय, आवळतंय फार."

"मी उसवू तरी किती?" मी खेकसले. "आत कापडच उरलं नाही आता!"

नणंदबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "पडून पडून पाय आखडलाय. तेल कोमट कर आणि चांगला रगड." मी तेल ठेवलं गॅसवर. ते तापेपर्यंत म्हटलं पँटीचं बघू. आता बाजूने पट्टीच जोडावी लागणार होती, आणि पट्टी किती रुंद घ्यायची ते कळायला पायाचं माप हवं. तर माप आहे कुठे? पँटीला गुडघा घेतात, खालची मोरी, म्हणजे पावलापाशी पायाचं तोंड, घेतात, मधली पोटरी आपोआप साधते. शिवाय ह्यांची मापं बावीस वर्षं तोंडपाठ, घरच्या माणसाला टेप लावतो कोण?

मी टेप लावला. उजवी पोटरी चौदा. डावी पावणेसोळा.

"टेप पिळलाय तुझा," हे म्हणाले. पुन्हा घेतलं. पावणेसोळा. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला, स्वतः लावला, आकडा बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मी पायाला हात लावला. कढत! चांगला चटका बसावा इतका. आठ-दहा दिवस मी पँट धरून बसले होते आणि पँटीच्या आत पाय आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी गॅस बंद केला, रिक्षा बोलावली. नणंदबाई "अगं, आधी तेल तरी..." म्हणत राहिल्या.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. मी तिला तक्रारबिक्रार काही सांगितली नाही, नुसती दोन मापं सांगितली. ती ताडकन उठली. पायाची सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी.

"पाय चोळलात का?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नाही. पण तेल गरम झालं होतं."

"चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात जाते. आधीच एखादी बारीक गेली असेल, ते आता बघायचंय."

"पण ताप जाऊन चार महिने झाले," मी म्हटलं, "आणि रिपोर्ट तर सगळे नॉर्मल होते."

"विषाणू जातो, पण काहींच्या शरीरात सूज मागे राहते. शिरांच्या आतल्या अस्तराला सूज आली की रक्त नको तिथे गोठायला लागतं. नेहमीच्या तपासण्यांत ते दिसेलच असं नाही."

अस्तर म्हटल्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी समजलं. कोटाचं अस्तर आटलं तर वरून कोट चांगलाच दिसतो, घालणाऱ्यालाच ओढ बसते. पण मग मला का नाही झालं? आणि टाचणी का विसरतात? तेही गुठळीनेच का? डॉक्टरीण म्हणाली, "किती सुजेमुळे, किती गुठळ्यांमुळे, आम्हालाही अजून नीट सांगता येत नाही. रक्त गोठू न देणारं औषध आता लगेच सुरू करू." सरळ सांगितलं तिने, मला बरं वाटलं. आणि भीतीही तितकीच वाटली.

हे खाटेवर पडून सगळं ऐकत होते. सुई टोचली, कागदांवर सह्या झाल्या. मग त्यांनी डॉक्टरणीला हाक मारली. "डॉक्टर, म्हणजे पाय सुजला होता म्हणून पँट घट्ट झाली?"

"हो."

"म्हणजे कापणी बरोबर होती?"

तिला बिचारीला काही उलगडेना. ती माझ्याकडे बघायला लागली. मला एकदम हुंदकाच फुटला. मेला जीव जायची वेळ आली होती आणि हा माणूस चार महिने विचारतोय काय, तर मी अजून मीच आहे ना! आणि मी त्याला उत्तर काय दिलं, तर घडी सरकली असेल.

"बरोबर होती हो," मी म्हटलं. "दोन्ही पाय अगदी बरोबर होते. चुकले ती मीच."

त्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच विचारलं, "आणि बाह्या?"

"त्या मात्र तुमच्याच."

ते हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा, खळखळून. आणि हसता हसता धाप लागली, छातीवर हात गेला, डॉक्टरीण धावत आली आणि म्हणाली, "बोलू नका आता, स्वस्थ पडा." त्यांना हसवून मी चांगलं केलं की वाईट, मला समजेना. त्यांना बरं वाटावं म्हणून पाय चेपायला मी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग कितीतरी वेळ मी खाटेशी उभी होते, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.